जोएलच्या नाकाचं हाड

प्रिय वेंडेल,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटेल, मिस ओडील अजून आहे तर. आहे बाबा. गुडघे कुरकुर करतात, पण रविवारच्या प्रार्थनेला अजून पायी जाते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर परपेचुआ म्हणायच्या, पत्र सुरू करताना आधी समोरच्याची खुशाली विचारावी. तेव्हा आधी विचारते, कसा आहेस? झोप लागते का रे तुला?

तू आणि माझा जोएल सैन्यातून सुट्टीवर आमच्याकडे आला होतात, ते दिवस मला फार आठवतात. अंगणात झिंग्यांचं मोठं पातेलं उकळत होतं आणि तुला ते खाता येईना. जोएल तुला चिडवत होता, "तुमच्या अलाबामात कोंबड्यांशिवाय काही पिकतच नाही का?" तू माझ्याकडे तक्रार केलीस, "मिस ओडील, याला सांगा, मी याचा सार्जंट आहे." मी म्हटलं, माझ्या अंगणात सार्जंट मी. किती हसलो होतो! आणि हसता हसता तुम्ही दोघं आळीपाळीनं शिंकत होतात. तेव्हाच तुम्ही मला युद्धावरच्या त्या कचऱ्याच्या खड्ड्याबद्दल सांगितलंत. छावणीतलं सगळं त्यात जळायचं, टायर, प्लास्टिक, रक्ताची बँडेजं, वरून विमानाचं तेल. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. मी विचारलं, मग डॉक्टरकडे का जात नाही? तुम्ही दोघांनी माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी काही अभद्र बोलले. सर्दीसाठी रांगेत उभा राहणाऱ्याला तुमच्या तुकडीत म्हणे राजकुमारी म्हणायचे, आणि ते नाव मग जन्माचं चिकटायचं. म्हणून कुणी गेलंच नाही, आणि कुठे नोंदही झाली नाही.

आता जोएलबद्दल. तो नाकानं श्वास घेत नाही, वेंडेल. दोन्ही बाजूंनी आत मांसाचे कोंब वाढलेत. आडवा झाला की गुदमरतो, म्हणून खुर्चीत बसून डुलक्या काढतो. अशी झोप मिळालेला माणूस कसा होतो, ते तुला सांगायला नको. आमच्याकडे ऊस तोडायच्या आधी शेतं पेटवतात, पाचट जळून जावं म्हणून. लहानपणी तो धूर दिसला की जोएल नाचायचा, सण आला म्हणायचा. गेल्या हंगामात शेजारच्या एमीलनं शेत पेटवलं, तर हा फावडं घेऊन धावत गेला. त्या फावड्यानं एमीलच्या हाताचं हाड मोडलं. ते कातडीतून बाहेर आलेलं मी पाहिलं. आणि एमीलनं शेरीफला काय सांगितलं? ट्रॅक्टरवरून पडलो. आमच्या इथली माणसं अशीच, आपल्या माणसासाठी डोळ्यात डोळे घालून खोटं बोलतील. पण जोएलच्या बायकोला, रेनीला, ते खोटं पुरलं नाही. ती मुलीला घेऊन माहेरी गेली. म्हणाली, "मॉमा, तो श्वास घ्यायला लागला की सांगा, मी परत येईन."

शस्त्रक्रिया करून ते कोंब काढता येतात. नाकाचा हा आजार सैन्याच्या नोकरीत झाला असं सिद्ध झालं, तर सैनिकांच्या इस्पितळातच होईल. आम्ही दावा केला. तपासायला एक भली डॉक्टरीणबाई होती, आणि मी शेजारीच बसले होते. तिनं विचारलं, श्वास कसा आहे? हा ताठ बसून म्हणाला, "ठीक आहे, मॅम." मला त्याला चिमटा काढावासा वाटला. मग तिनं विचारलं, नाकाचं हाड वाकडं आहे, कधी मोडलं? "घरी परतल्यावर, गुत्त्यात मारामारी झाली, मॅम." दावा फेटाळला गेला. नाक बंद आहे ते मोडक्या हाडानं, आणि हाड मोडलं गुत्त्यात, सैन्याचा संबंध नाही. मला त्यात गैर काही वाटलं नाही, कारण मीही इतकी वर्षं ती गुत्त्याची गोष्टच खरी मानत होते.

दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी, पलीकडचं शेत पेटलं. जोएल स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून धापा टाकत होता. मी उकळत्या पाण्याचं भांडं आणलं आणि मागून त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला, वाफ घे म्हणून. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माझं डोकं फरशीवर आपटलं. पाणी माझ्या पायावर सांडलं. त्याचा गुडघा माझ्या छातीवर होता आणि दोन्ही हात गळ्यावर. त्याचे डोळे माझ्यावर होते, पण त्यांत मी नव्हते. तो ओरडत होता, "जब्बार, वर ये, हात दे." माझ्या डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. एकदा त्याची पकड सैल झाली, तेवढ्यात मी त्याला लहानपणी रागवायचे तशी संपूर्ण नावानं हाक मारली. जोएल थिओफील आर्सेनो, ऊठ. तो उठला. मग स्वत:चे हात बघत ओव्हनला टेकून खाली बसला, आणि सगळं बोलला.

तर मला आता ठाऊक आहे. तिथलाच जब्बार तुमच्या छावणीतल्या कचऱ्याची गाडी चालवायचा, तुम्हाला घरची रोटी आणायचा आणि पत्त्यांत फसवायचा. कुणीतरी कचऱ्यात जिवंत दारूगोळा टाकला होता. स्फोट झाला आणि गाडी खड्ड्यात उलटली. जब्बार पेटलेल्या अंगानं वर चढत होता आणि पुन्हा घसरत होता. जोएल खाली उडी मारायला निघाला, तू त्याचा पट्टा धरलास, त्यानं तुझ्या हाताचा लचका तोडला. तू बंदुकीच्या दस्त्यानं त्याच्या तोंडावर मारलंस. तो तरीही थांबेना, म्हणून पुन्हा मारलंस, आणि कॉलर धरून फरफटत नेलंस. मग दुसरा स्फोट झाला. जब्बार त्यानंतरही बराच वेळ ओरडत होता. तंबूमागे तू दोन्ही अंगठ्यांनी जोएलचं नाक सरळ केलंस, आणि रडत म्हणालास, "कुणाला सांगू नकोस. मी माणूस सोडून आलो आणि माझ्याच तुकडीतल्या पोराला मारलं, माझी सार्जंटची पट्टी काढून घेतील." त्यानं शब्द दिला. अजून पाळतोय. मी म्हटलं, आता तरी खरं सांग त्यांना. तर म्हणाला, "मॉमा, तो माझा सार्जंट होता." मी विचारलं, आणि मी कोण?

गळ्यावरचे वळ अजून गेलेले नाहीत. प्रार्थनेला रुमाल बांधून जाते, आणि कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणते. बघ, मीही त्यातलीच.

जोएलला न सांगता हे पत्र लिहिते आहे. त्यानं आता स्वत: खरं सांगितलं, तरी आधीच्या खोट्यामुळे कोण विश्वास ठेवणार? पण बरोबरच्या सैनिकाची साक्ष ते मानतात. तो धूर, ते काळे रुमाल, आणि नाक कुणी, कुठे मोडलं, हे तू लिहून दे. तू आता तुझ्या गावात पोलिसात आहेस असं ऐकते. या साक्षीनं तुझं काही बिघडेल का, मला माहीत नाही. बिघडूही शकेल, तेव्हा विचार करून ठरव. नाही म्हणालास तरी या घराचं दार तुला उघडंच आहे. मात्र एक गोष्ट साक्षीवर अवलंबून न ठेवता तुला कळायला हवी. तुम्ही दोघं परतल्यापासून एकमेकांशी बोललेला नाहीत, आणि तुला वाटत असेल, जोएलनं तुला कधी माफ केलं नाही. त्या दिवशी फरशीवर बसून तो सगळं सांगत होता, तेव्हा मी विचारलं, वेंडेलनं दुसऱ्यांदा मारलं नसतं तर? तो म्हणाला, "तर तुला माझी शवपेटी मिळाली असती, मॉमा, आणि तीही रिकामी. मी त्याला कधी थँक यू म्हटलं नाही." हे तो तुला कधीच सांगणार नाही, वेंडेल. म्हणून मी सांगते.

तुझीच,
मिस ओडील