मामंजी आणि शेपू

मंगळवार, बाळ झोपलंय तोवर

जिंकले आज! बाळ झाल्यापासून घरात रोज दोन स्वयंपाक. बाळंतीण म्हणून मला शेपू, बाजरीची भाकरी, मुगाचं वरण. बाकीच्यांना त्यांच्या आवडीचं. माझी रजा बिनपगारी, सासूबाईंची कंबर धरलेली. शेवटी काल मीच म्हटलं, उद्यापासून मी खाते तेच सगळ्यांनी खायचं.

"अगं, हे शेपू खातील?" सासूबाई घाबरल्याच. मामंजी शेपूच्या वासानेच ताटावरून उठतात. घाबरले मीही होते. फार बोलले का?

आज फोडणी मीच दिली, भरपूर लसूण घालून. मामंजींनी नाक मुरडलं, मग मुकाट्याने भाकरी मोडली. ताटात काही उरलं नाही.

"भाजी कशी झालीय?" मी विचारलं.

"खाल्ली ना."

एवढंच! चिडले की काय? दुपारभर तेच डोक्यात.

संध्याकाळी मामंजी हडपसरच्या मंडईतून आले, तर पिशवीतून शेपू डोकावत होता. "स्वस्त होता म्हणून आणला," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बाळाला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, उद्या लसूण आणखी घाल."