कोरी बाटली

३ एप्रिल
आले एकदाची बुऱ्हाणपुरात. नंदकुमाररावांनी स्टेशनावरून घरी नेण्याआधी गरम मावा जिलेबी खायला घातली, त्यामुळे उन्हाचाही राग आला नाही. खोली हवेशीर आहे. खिडकीशी मालतीचं शिवणयंत्र. मालती म्हणजे माझी धाकटी बहीण, त्यांची बायको. मागच्या पावसाळ्यात काविळीने गेली. नळाचं पाणी तापीचं, आणि ते शुद्ध असल्याचं पालिकेने त्यांना लेखी कळवलं. मी हयातभर नागपूरच्या कॉन्व्हेंटात रसायनशास्त्र शिकवलं. आता मीच तपासून दाखवते.

६ एप्रिल
खासगी प्रयोगशाळेतली रंजिता हुशार आहे, फक्त निम्मं हिंदीत बोलते. तिने निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाची पेटी दिली. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे हवं, झाकणाला आतून बोट लागता कामा नये. शिवाय एक कोरी बाटली: शुद्ध पाण्याने भरलेली, सील केलेली. ती नदीवर नुसती न्यायची आणि न उघडता परत आणायची. ती स्वच्छ राहिली तरच बाकीच्यांतली घाण नदीची. तिच्यात खोट निघाली की फेरी रद्द. सलग तीन फेऱ्या टिकल्या तर तक्रार टिकेल.
राजघाटावर गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि अंगावर येणाऱ्या म्हशीला दटावलं. मजा आली.

९ एप्रिल
फेरी रद्द. कोरी बाटली चार बोटं रिकामी. रंजिता म्हणते, मॅडम, सील तो वैसाच आहे, मग पाणी गेलं कुठे? मलाच विचारते. मी तिच्या डोळ्यांचा नंबर विचारला.

१४ एप्रिल
पेटीला कुलूप घालून नेली. नदीच्या बाटल्या जशाच्या तशा. कोरी निम्मी. काचेवर, आतल्या बाजूने, ओठांचा फिकट पिवळा ठसा.
नंदकुमाररावांना मालतीचे शेवटचे दिवस विचारले. शर्टाची गुंडी फिरवत ते सांगू लागले. तिला पाण्याचीच धास्ती बसली होती. नळाचं नको, उकळलेलं नको, विकतचं आणलं तर तेही नळाचंच म्हणून तोंड फिरवलं. तहानलेलीच गेली.
मग म्हणाले, "सारखी म्हणायची, ताई आणेल चांगलं पाणी."

२० एप्रिल
आज दोन कोऱ्या नेल्या. एक मालतीसाठी, एक तक्रारीसाठी. दोन्ही रिकाम्या आल्या. तक्रार की तहान, हे मला ठरवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल
ठरवलं. रंजिताकडून शुद्ध पाण्याचा कॅन घेऊन भर दुपारी घाटावर गेले. पायरीवर पेला भरून ठेवला. त्यातलं पाणी डोळ्यांदेखत उतरत गेलं. मी भरत राहिले, रडत राहिले. पी मालू, सावकाश.
पेल्याच्या काठावर नंतर दुसरा ठसा दिसला. लहान. दुधाचे दात असलेल्या तोंडाचा.

२५ एप्रिल
पायऱ्यांभर ओली पावलं. गावात काविळीने किती गेले, कोणी लिहून ठेवलं नाही वाटतं. मी दटावून रांग लावली, लहान मुलं पुढे. कॅन पुरला नाही. ते गेले नाहीत.

२७ एप्रिल
रंजिता आता पाणी देत नाही. माझ्याकडे बघून घाबरली. माझ्या हाताच्या कातडीला चिमटा काढला की कातडी तशीच उभी राहते. गटागटा पिते — घशाखाली काही उतरत नाही. कोण मधल्या मधे पितं —

२८ एप्रिल
घरात आले आहेत. जमीन ओली. मालू उशाशी. पाणी संपलं म्हणून सांगितलं — ऐकत नाही. कधीच ऐकलं नाही. माझ्या मनगटाला ओठ लावलेत, गार —
ओढून घेतला नाही हात. घे.
जीभ चिकटली. तिला जवळ — रडूही येत नाही. आलं असतं तर निदान तेवढं तरी तिला —