किगालीतले बोंबील आणि घरचा खोकला

प्रिय आई,

आधी नमस्कार, मग तक्रार. कंपनीतले कैलासभाऊ बोईसरला परत येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तू विषय बदलतेस.

मी किगालीत सुखरूप आहे. विमानतळावर मात्र तपासणीवाल्यांनी चिंचणीच्या सुक्या बोंबलांची बॅग उघडायला लावली. म्हटलं, झालं, आता हे खाणार! तर त्यांनी नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घेतल्या. रवांडात पिशवी आणायलाच बंदी. बोंबील ओढणीत बांधून आणले. अजून वास जात नाही.

शनिवारी शेजारीण फावडं घेऊन दारात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी म्हणे सगळी गल्ली मिळून साफसफाई करते. फुकटात कोण करतं? मी कडी लावून खिडकीतून पाहिलं. समोरचा बँकेतला साहेब खरंच गटार उपसत होता! मग गेले मीपण.

देशाला समुद्र नाही, तरी बाजारात ताजे मासे. कल्ले उघडून बघितले. लालभडक! तळ्यातले आहेत.

इथं सगळ्यांवर संशय घेऊन झाला, खोटं कुणीच निघालं नाही. आता उरलीस तू. लेकीचं विचारलं की ‘तुझी स्वरा मजेत आहे’ म्हणतेस, मग मागे खोकतं कोण?

रविवारी व्हिडिओ कॉल करीन. मोबाईल लेकीकडे धर, पंख्याकडे नको.

तुझीच संशयी,
अपेक्षा