बाईसाहेबांना सोबत

२ जून

तीर्थरूप आईंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "सगळं ठीक आहे" एवढंच सांगून ठेवून देता, म्हणून फोन कामापुरता, बाकीचं पत्रात, या तुमच्याच नियमाप्रमाणे हे पत्र. गुडघा कसा आहे? जिना चढताना मध्ये थांबता की नाही, ते खरं खरं कळवा. तुमचे चिरंजीव म्हणतात, आई थांबत असेलच तर खालच्या मजल्यावरच्यांना काहीतरी सुनवायला.

इकडे तुमच्यासाठी मागची खोली रंगवून झाली. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली आहे. ती ह्यांनी स्वतः बसवली, म्हणून मग प्लंबरकडून पुन्हा बसवून घेतली. खोल्या ठेवणार की सोडणार, हे तुमच्या घरमालकांना महिनाअखेर सांगायचं आहे, ते आमच्या लक्षात आहे. घाई अजिबात नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसंच करा, आम्हाला सगळं चालेल.

आता एक सल्ला हवा आहे. माझ्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी तुम्ही पाहिली आहे. तिच्यातली नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी सगळ्यांची लाडकी होती. त्यातला लहानखुरा म्हातारपणानं गेला. उरल्या त्या बाईसाहेब. तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून जातात, आणि टाकी साफ करायला हात घातला की माझ्या बोटाला कडाडून चावतात. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालून मी सुखरूप बाहेर येते आणि संध्याकाळी मासा मला चावतो, यावर पेशंट खूश आहेत.

त्यांना सोबत आणावी म्हणते. पण जुन्या माशाच्या टाकीत नवा सोडला तर जुना त्याला मारूही शकतो म्हणे. तुम्ही नर्सिंगच्या मुलींच्या होस्टेलवर तीस वर्षं रेक्टर होतात. जुन्या मुलीच्या खोलीत नवी मुलगी कशी रुळवायची, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

लोभ आहेच, तो गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा जास्त टिकावा.

तुमची सून


८ जून

चि. सौ. दातांच्या डॉक्टरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा जिथल्या तिथे आहे. जिन्यात मी थांबते, आणि सुनावतेही.

तुझ्या माशाचा प्रश्न वाचून बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी कामाचं असं काही विचारलेलं नाही. लोक फक्त गोळ्या घेतल्या का विचारतात. तर नीट ऐक.

पहिली गोष्ट, बरोबरीची आण. वयानं, वजनानं, अंगापिंडानं सारखी. शेवटच्या वर्षाच्या मुलीबरोबर पहिल्या वर्षाची मी कधीही ठेवली नाही. मोठी तिच्याकडून कपडे धुवून घेते आणि लहान रात्रभर मुसमुसते. सारख्याला सारखी असली की दोन दिवस धुसफूस होते आणि तिसऱ्या दिवशी दोघी मिळून रेक्टरला नावं ठेवतात. म्हणजे खोली लागली असं समजायचं.

दुसरं, नवी यायच्या आधी टाकीतलं सगळं सामान हलव. दगड, ती उलटी कुंडी, जे असेल ते. मी नेहमी आधी खाटा फिरवायचे. जुनीला आपला कोपरा सापडला नाही की तीसुद्धा थोडी नवीच होते. तिसरं, जुनीला पोटभर खायला घालून मग गाठ घालून दे. उपाशी माणसाशी ओळख करून देऊ नये.

खोलीचा रंग कुठला दिलात ते लिहिलं नाहीस. माझा विचार चालू आहे. तुमच्याकडे सगळं फार व्यवस्थित असतं, त्यात माझी भर कशाला, असंही वाटतं. बघू.

चिरंजिवांना म्हणावं, दांडी बसवण्यापेक्षा दवाखान्यात गर्दी असते त्या दिवशी स्वयंपाक कर. लोभ आहे, शिस्तीसकट आहे.

तुझी सासू


१५ जून

तीर्थरूप आईंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येताच ॲक्वेरियमवाल्याकडे गेले. त्यानं दुकानातला सगळ्यात लहान मासा दाखवला. मी त्याला सांगितलं की आमच्या घरी या बाबतीत तीस वर्षांचा अनुभव आहे, मला बाईसाहेबांच्या मापाचाच हवा. त्याला वाटलं घरात कुणाचं तरी माशांचं दुकान आहे. त्यानं मुकाट्यानं मोठा मासा काढून दिला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दगड हलवले, कुंडी दुसऱ्या टोकाला नेली, बाईसाहेबांना भरपेट खाऊ घातलं. पिशवी पाण्यात तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी एकमेकांत मिसळलं आणि मग नवी सोडली. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जे सुरू झालं ते मी एका गृहस्थांची दाढ उपटत असताना सुरू झालं. बाहेर बसलेल्या आजी मला हाका मारू लागल्या की तुमच्याकडे मारामारी चालली आहे. दाढ एका हातात आणि जाळी दुसऱ्या हातात, अशी मी टाकीवर पोचले. नवीच्या शेपटीच्या चिंध्या, बाईसाहेबांचा पंख फाटलेला. नवीला टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत घेतलं. ते गृहस्थ कापूस दाबून हे सगळं बघायला बाहेर आले होते, आणि आपलं दुखायचं विसरले असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

ॲक्वेरियमवाल्यानं तो मासा परत घेतला. त्याच्याकडे जखम भरून येते आहे. मग त्यानं मला समजावलं, की हे मासे जन्मतात ते सगळे नर. त्यातला जो सगळ्यात मोठा होतो, त्याची मादी होते. ती घराची मालकीण. बाकीच्यांनी लहान राहायचं. मी नेलेला मासाही मोठा होऊन मादी झालेला होता, म्हणजे मी एका टाकीत दोन मालकिणी सोडल्या होत्या. सामान हलवलं ते मात्र फार शहाणपणाचं केलं, असं तो म्हणाला.

तुमचा सल्ला उत्तमच होता, माझंच काहीतरी चुकलं असणार.

आता सगळ्यात लहान, करंगळीच्या पेराएवढा आणला आहे. भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून डबा टाकीतच लटकवला आहे. दोघं एकमेकांना बघतात, पाणी एकच, पण चावता येत नाही. बाईसाहेब डब्याला धडका मारायच्या थांबल्या की मगच झाकण उघडायचं. ह्यांनी त्याचं नाव शिकाऊ ठेवलं आहे.

खोलीचा रंग फिकट पिवळा आहे. आवडला नाही तर लगेच बदलू. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची सून


१९ जून

चि. सौ. डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

माझा सल्ला सपशेल फसला. मासा जवळजवळ मेला, टाकीभर चिंध्या झाल्या, आणि तू लिहितेस की उत्तमच होता. तुला आपलं काय चुकलं असावं असं वाटतं, तेही कळव. मला उत्सुकता आहे.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंकडून माशांवरचं पुस्तक आणून वाचलं. तुझ्या दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. त्यात पुढे असंही आहे की नवा लहान मासा मोठीसमोर आडवा होतो आणि अंगभर थरथरून दाखवतो. म्हणजे बाई, तुम्ही मोठ्या, मी लहान. मग ती त्याला राहू देते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही. दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर अशी किंमत द्यावी लागते, आणि तीही पेराएवढ्या जिवाला. माझ्या वयात मला असं थरथरता येणार नाही, गुडघा आधीच पुरेसा थरथरतो.

तो डबा मला पसंत नाही. नवीन मुलीला आजारी म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं की ती कधीच रुळत नाही. सगळे तिला काचेतून बघतात आणि तिला काय हवं नको ते विचारत राहतात. मी माझं मत योग्य ठिकाणी कळवलं आहे.

घरमालक काल पुन्हा विचारून गेले. त्यांना म्हटलं, कळवते. पिवळा रंग चालेल. लोभ आहे, आणि लक्षही आहे.

तुझी सासू


२१ जून

आई,

योग्य ठिकाण म्हणजे कुठलं, ते आज दुपारी कळलं. तुम्ही ह्यांना फोन केलात. मी एका मुलाच्या दातात सिमेंट भरत होते तेव्हा हे आत आले, टाकीतला डबा उघडला आणि ऑफिसला निघून गेले. विचारलं तर म्हणतात, आईनं सांगितलं म्हणून. चाळिशीचा माणूस, नकाशे काढतो, लोक त्याच्या रेघांवर रस्ते बांधतात.

शिकाऊ सापडत नाही. मी उरलेले पेशंट परत पाठवले. दगड उचलून पाहिले, कुंडी उलटी करून पाहिली. बाईसाहेब निवांत फिरताहेत, जणू काही झालंच नाही. मला भयंकर राग आला आहे, आणि तो गिळून "तुमचंच बरोबर" असं लिहायला मी बसले होते. लिहवलं नाही.

ती टाकी माझी आहे. दवाखाना माझा आहे. काही सांगायचं असेल तर मला सांगा, माझ्या पाठीमागे त्यांना नाही. आणि हे खोलीचं काय चाललं आहे? महिनाभर "बघू", "विचार चालू आहे". मी रंग दिला, दांडी दोनदा बसवली, रोज विचारावंसं वाटतं आणि विचारत नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल. मला वाईट वाटतं त्याचं काय? यायचं असेल तर या. यायचं नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीचा दिवा लावून बघणार नाही.

लोभाचं नंतर बघू.


२२ जून

तीर्थरूप आईंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

हात जोडून विनंती, कालचं पत्र आलं तर न फोडता परत पाठवा. पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंत राग गेला. पत्रपेटीतून ते परत काढता येईल का, असं मी पोस्टमनला विचारून पाहिलं. तो म्हणाला, असं विचारायला बरेच लोक येतात.

शिकाऊ सापडला. पेशंटची मागची दाढ बघायचा छोटा आरसा घेऊन फिल्टरच्या मागे पाहिलं तर तिथे बसला होता, अंगाला ओरखडासुद्धा नाही. संध्याकाळी बाहेर आला. बाईसाहेबांसमोर आडवा झाला, थरथरला. त्यांनी एकदा धक्का दिला आणि कुंडीत निघून गेल्या. थोड्या वेळानं तोही मागे गेला. आज दोघं त्या कुंडीतच आहेत.

मी फार बोलले. मोठ्या मनानं क्षमा करा. होता तसाच लोभ असू द्यावा, एवढंच मागणं.

तुमची सून


२७ जून

चि. सुनेस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी पोचली. तारखेप्रमाणे वाचते मी, तशी सवय आहे. पहिलं तीनदा वाचलं. दुसऱ्याच्या चार ओळी वाचल्या, मासा जिवंत आहे एवढं बघितलं आणि घडी घालून ठेवलं. ते या पाकिटात परत पाठवते आहे. पहिलं मिळणार नाही.

फोन मी केला, ते मी चुकले. दुकानदार आणि तू म्हणत होतात तेच बरोबर होतं. हे तू मला तोंडावर लिहिलंस, आमच्या घरात असं लिहिणारं आजवर कुणी नव्हतं. चिरंजिवांचं तर तू पाहिलंसच.

मागे तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हाचं सांगते. मी खोलीत आले की तुम्ही दोघं उभे राहायचात. चहा माझ्यासाठी बशीतल्या कपात आणि तुमचा मगात. मी कप विसळायला उठले की तू हातातून काढून घ्यायचीस. भाजीत मीठ कमी होतं, आणि मी तसं म्हटल्यावर तू ती सगळी पुन्हा नव्यानं केलीस आणि जराही तोंड वाकडं केलं नाहीस. तीस वर्षं माझ्यासमोर मुली उभ्या राहिल्या आणि मी वळले की हसल्या. ते मला पुरलं, बाई. म्हातारपणी पुन्हा कुणाची तरी रेक्टर होऊन राहायचं, म्हणून मी चालढकल करत होते. तुमच्याकडे सगळं व्यवस्थित असतं हे सांगायचं कारण होतं, भीती ही होती. आणि तुला राग येतो की नाही, हे मला सहा वर्षांत कळलेलंच नव्हतं.

रिकाम्या खोलीचा दिवा लावून बघतेस, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. ते वाचून मी रडले. हे लिहितेय ते फक्त तुझ्यापुरतं, त्याला सांगू नकोस.

घरमालकांना आज खोल्या सोडते म्हणून सांगितलं. रविवारी येते. स्टेशनवर त्याला एकट्यालाच पाठव, तू तुझे पेशंट बघ. डब्याचं मी मान्य केलं, पण त्या खोलीला पिवळा रंग दिलास हे मला मुळीच मान्य नाही. सकाळी उठल्या उठल्या कावीळ झाल्यासारखं वाटेल. त्यावर तुझं जे काही म्हणणं असेल, ते लिहून पाठवू नकोस. मी येते आहे, समोर भांड.

हे माझं शेवटचं पत्र समज. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत.

लोभ सामानाबरोबर घेऊन येते आहे.

आई