धानाची उशी

३ डिसेंबर, सौंदड
सकाळी सौंदडला पोहोचलो. येथील राइस मिलची व्यवस्थापकी उद्यापासून माझ्याकडे. वाणिज्य महाविद्यालयातील जुना सोबती केवळराम स्थानकावर घ्यायला आला होता. भाड्याने खोली पाहशील तर तोंड दाखवू नकोस, असे त्याने बजावले. माझी वर्षानुवर्षांची अनिद्रा त्याला ठाऊक. त्याने मागची खोली खास माझ्यासाठी सिद्ध केली आहे: जाड पडदे, ताजा चुना, गारवा, घड्याळ नाही, मोबाइलही बाहेर त्याच्याकडे ठेवायचा. त्याची मुलगी दुर्गेश्वरी दिवाळीपासून आतल्या खोलीत झोपून आहे, हाका मारूनही जागी होत नाही. डॉक्टरांना निदान होत नाही. अशा विवंचनेतही नंदावहिनींनी माझ्या मानेसाठी नव्या धानाची टणक उशी शिवली. असा स्नेह आता दुर्मीळ.

५ डिसेंबर
अखंड झोप. झोपण्याच्या खोलीविषयी मी वाचलेले सर्व नियम येथे तंतोतंत पाळले जातात, फळ मिळणारच. दुर्गेश्वरीनेही आज डोळे उघडून पेज घेतली. वहिनी म्हणाल्या, तुमचाच पायगुण जी, भाऊजी. मला भरून आले.

९ डिसेंबर
सूर्य माथ्यावर येईपर्यंत झोपलो. नोकरीत असे प्रथमच घडले. केवळराम हसला, कुंभकर्णा, मागची सारी वसुली आताच करून राहिला का, म्हणाला. मिलमध्ये त्याने मला न विचारता रजा कळवली आहे. दुर्गेश्वरी अंगणात फिरते. उशी उंच झाल्यासारखी वाटली म्हणून पट्टीने मोजली. भास नव्हे. वाढली आहे.

१४ डिसेंबर
दुपारी अर्धवट जाग आली. वहिनी दुर्गेश्वरीला माझ्या खाटेशी घेऊन आल्या होत्या. मूठभर धान तिच्यावरून उतरवले, माझ्या उशीची शिवण उसवली आणि ते आत ओतले. उशी माझ्या डोक्याखालीच होती. मला बोटही हलवता आले नाही.

बहुधा १८ डिसेंबर
केवळरामला जाब विचारला. तो रडला. नजर न उचलता म्हणाला, तुले झोप पायजे होती, आमच्या पोरीले जाग. कोनाचं काय बिघडलं? कॉलेजपासूनचा सोबती— मोबाइल मागितला, दिला नाही. उशी अंगणात फेकली. दारापर्यंतही पोहोचलो नाही, झोपेने उघड्या फरशीवर पाडले. जाग आली तेव्हा ती पुन्हा डोक्याखाली—

तारीख कोणी सांगत नाही
दुर्गेश्वरी एकटीच आली. पाणी पाजले. विनवले तिला— पोरी, मला हलवत राहा, पडदा उघडा ठेव, स्थानकापर्यंत पोहोचव—

ती म्हणाली, तिथं, त्या झोपेत, सारं आयकू येते काका, हाक मात्र देता येत नाही.

म्हणजे तिला ठाऊक आहे. या घरात एकटीलाच. तीच सोडवील. डोळे भरले होते तिचे—

पडद्यापाशी गेली. उघडते— नाही, ओढून घेते आहे— परत आली— मान उचलली माझी, किती हळुवार— शिवण उसवल्याचा आवाज— तिच्या मुठीत धा