अंगणातला चौथा गिअर

१२ जून १९८४

निर्णय झाला. मोठी गाडी घ्यायची.

आज मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन बुधरामने विषय काढला. सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्या, लूनावर मत्स्यबीजाची एकच पिशवी येते आणि आपल्या तलावाला चार लागतात. मागच्या वर्षी एकीवरच भागवलं. उन्हाळ्यात जाळं ओढलं तेव्हा काय निघालं ते सगळ्या कोंढा गावाने पाहिलं. सखाबाई बाजारात मासोळी विकते, ती म्हणे, यंदाही तसंच झालं तं मी पाटीत गोटे घेऊन बसू काय? प्रश्न बरोबर आहे. पिशवीतलं बीज दुपारपर्यंतच जगतं, त्यामुळे एकट्याला खेपा करता येत नाहीत. चारही पिशव्या एकाच वेळी आणायच्या, आणि त्याला इंजिन पाहिजे.

कोणी काही बोलायच्या आत मी उठून सांगितलं, की आता मी बुलेटच घेतो, सगळं माझ्यावर सोडा. टाळ्या पडल्या.

१४ जून

बेबीला माझा निर्णय पटलेला नाही. म्हणे, लूनावरचा तांबडा एल तीन वर्षांपासून तसाच आहे, आन् आता बुलेट कायले? बायकोला टेक्निकल गोष्टी समजावणं कठीण. शिकाऊ लायसन मी मुद्दाम रिन्यू करत आलो. एल दिसला की लोक आपोआप बाजूला होतात, हा केवढा फायदा. पक्क्या लायसनच्या परीक्षेत आठाच्या आकड्यात गाडी फिरवायला लावतात. आमच्या इकडे एकही रस्ता आठाच्या आकड्यासारखा नाही. मग ती परीक्षा द्यायची कशाला?

२० जून, सकाळ

मेहुणा धनीराम जवाहरनगरहून आला आणि आपली बुलेट ठेवून गेला. तो फॅक्टरीत आहे, महिनाभर ट्रेनिंगला बाहेरगावी जातोय. म्हणाला, भाऊजी, महिनाभर चालवा, जमली तं तुमचीच समजा. गाडी अंगणात उभी आहे. काळी आहे. लूना तिच्या बाजूला फारच लहान दिसते. मी दोन्हींच्या मधून जाऊन पाहिलं.

उद्या पहाटेपासून प्रॅक्टिस. रोज एक तास. आठ दिवसांत हात बसतो, असं ऐकून आहे.

२० जून, दुपार

किक मारली. मग किकने मला मारली. नडगी सुजली आहे, बेबीने हळद लावली. आधी हँडलची कळ दाबून डायलमधला काटा मध्यावर आणायचा असतो, मगच किक. धनीरामने हे सांगितलं होतं, पण माणसाने अशी गोष्ट दोनदा सांगायला पाहिजे.

२१ जून

पहाटे उठलो. ढग होते. ओल्या रस्त्यावर नवीन माणसाने गाडी काढू नये. झोपलो.

२२ जून

ढग नव्हते. म्हशी होत्या.

२५ जून

आज फक्त विचार केला. लूना एकदा पेडल मारून सुरू झाली की पायांना काही काम नव्हतं. इथे उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक. शिवाय क्लच, शिवाय हॉर्न, शिवाय समोर पाहायचं. घाबरण्यासारखं काही नाही, पण घाईही नको. बेबी दोनदा दारात येऊन गेली. तुमाले भेव लागते काय, असं तिने विचारलं. मी म्हणालो, भेव वेगळं आणि प्लॅनिंग वेगळं.

२८ जून

नवीन मेथड सापडली. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, मागचं चाक हवेत. मग कितीही चालवा. आज सहाव्या किकला सुरू झाली. अंगण हादरलं. पहिला गिअर टाकला, तेव्हा डोळे थोडे मिटले, पण हात सोडला नाही.

३ जुलै

मोठी प्रगती. आज चौथ्या गिअरमध्ये गेलो. काटा चाळीसवर. अंगणातच, पण चाळीस म्हणजे चाळीस. बेबीचं म्हणणं, कोंबड्या भेल्या, दोन दिवसांपासून अंडं नाही. कोंबड्यांना सवय होईल.

बुधराम कुंपणापलीकडून आवाज ऐकून गेला. चांगलाच खूश. विचारत होता, रोज किती स्पीडनं चालवून राहिले? मी म्हणालो, चाळीसच्या खाली नाही. यात खोटं काहीच नाही.

७ जुलै

बीज केंद्रातून निरोप आला. अठरा तारखेला सकाळी या, चार पिशव्या ठेवतो.

केंद्र नदीच्या पलीकडे आहे. म्हणजे वैनगंगेचा पूल आला. पुलावरून कलकत्त्याचे ट्रक जातात. दोन ट्रक समोरासमोर आले की मध्ये जागा किती राहते, याचा मी बसल्या बसल्या हिशोब केला. मग चहा घेतला. मग पुन्हा केला. हिशोब तोच आला.

१० जुलै

ताप असल्यासारखं वाटलं. बेबीने कपाळाला हात लावून पाहिला. म्हणे, थंडगार हाय. आतला ताप असेल.

१३ जुलै

गाडी पहिल्यांदा स्टँडवरून उतरवली. अंगणाबाहेर निघालो आणि शाळेपर्यंत गेलो. पहिल्या गिअरमध्येच ठेवली, कारण इंजिनाची ताकद त्याच गिअरमध्ये असते. परत येताना वळायचं कुठे ते समजेना, म्हणून उतरून वळवली. सखाबाई रस्त्यात भेटली. म्हणे, भाऊ, तुयाच भरोशावर आहो आमी. तिने हे म्हणायला नको होतं.

१७ जुलै

उद्या. सगळं तयार. दोन पत्र्याचे डबे मागे दोन बाजूंना बांधले, एकेकात दोन पिशव्या बसतात. बुधराम म्हणाला, मी मांगं बसतो, डबे धरतो. मी नाही म्हणालो. वजन वाढतं. शिवाय कोणी मागे बसलं की मला मोकळेपणाने चालवता येत नाही.

जेवण गेलं नाही.

१८ जुलै, पहाटे

निघतो. बेबी फाटकापर्यंत आली.

१८ जुलै, संध्याकाळ

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. एकही मेलं नाही.

जाताना अडचण आली नाही. भंडाऱ्यापर्यंत पहिला आणि दुसरा गिअर. दुधाचे कॅन घेऊन जाणारा एक सायकलवाला मला ओलांडून गेला, पण त्याला घाई होती. पूल रिकामा दिसला म्हणून गाडी हातात धरून पायीच ओलांडला. इंजिनाला तेवढीच विश्रांती. केंद्रावर वेळेत पोहोचलो. चार पिशव्या मिळाल्या. पाण्यात बारीक बारीक काड्यांसारखं बीज, वर ऑक्सिजन भरून गच्च गाठ मारलेली. डबे भरल्यावर गाडी जड झाली. स्टँडवरून काढायला तिथल्या दोघांनी हात लावला.

पुलाच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. आता गाडी ढकलणं शक्य नव्हतं, चालवावीच लागणार होती. समोरून ट्रक येत होते. मी ठरवलं, पाच ट्रक जाऊ द्यायचे, मग निघायचं. पाच गेले. सहावा दिसत होता. म्हटलं, हाही जाऊ द्या. मग मागूनही येऊ लागले. पाय जमिनीवरून उचलायचा, एवढंच काम होतं. मी पायाला तसं सांगितलं. पाय उचलला नाही.

इंजिन गरम झालं होतं. म्हणजे होणार होतं, म्हणून बंद केलं.

एका ट्रकवाल्याने गाडी बाजूला लावून विचारलं, क्या हुआ भाई, डब्बे उस पार छोड़ दूँ? माणूस चांगला वाटला. मी म्हणालो, नहीं जी, बस हवा खा रहा हूँ. तो गेला. असं का म्हणालो, हे अजून समजलं नाही.

ऊन डोक्यावर आलं. डबे उघडून पाहिले. पिशव्या हाताला कोमट लागल्या, आणि बीज वर येऊन तोंड उघडत होतं. सगळं वर आलं होतं. अर्ध्या तासात संपलं असतं. मी ढीमराचा, मासेमाराचा मुलगा आहे, मला ते पाहवलं नाही. दोन खेपांत चारही पिशव्या काखेत घेऊन घाट उतरलो, गाठी सोडल्या आणि वैनगंगेत मोकळं केलं. थोडा वेळ पायांभोवती फिरलं, मग खोल पाण्यात गेलं. पूल रिकामा झाल्यावर हलकी झालेली गाडी पुन्हा हातात धरून ओलांडला.

एकही मेलं नाही. मीटिंगमध्ये याच मुद्द्यावर भर द्यायचा.

१९ जुलै

मुद्द्यावर भर दिला. इंजिन तापल्यामुळे निरुपाय झाला, परंतु शंभर टक्के बीज जिवंत राहिलं, असं सांगितलं. मग सखाबाई म्हणे, नदीतलं बीज आपल्या तलावात कोण आणून सोडीन रे भाऊ? बुधराम मान खाली घालून बसला होता. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२० जुलै

धनीराम परत आला. झालं ते बेबीने सांगितलं. तो गाडीजवळ गेला, कळ दाबली, एक किक मारली. सुरू झाली. गाडीला तं काहीच झालं नाही भाऊजी, एवढंच बोलला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. बुधरामला मागे बसवून तसाच केंद्राकडे गेला. इथल्या आमच्या रस्त्यावरून चौथ्या गिअरमध्ये गेला, आवाजावरून ओळखलं.

दुपारी परतले. केंद्रात एकच पिशवी शिल्लक होती. तेवढी तलावात सोडली. मी काठावर लांब उभा होतो. यंदाही एकच.

२३ जुलै

धनीराम गाडी घेऊन गेला. अंगण मोठं दिसतंय. गाडी घ्यायचा विचार तूर्त पुढे ढकलला आहे. दीडशे सीसीची एखादी मधली गाडी मिळते का पाहावं, असा एक प्लॅन मी बेबीला सांगायला घेतला. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, आता तरी खरं सांगा, भेव लागते ना?

मी म्हणालो, लागते. खूप लागते. आन् बुलेटचंच नाही, लूनाचंही लागते. मागच्या वर्षी पुलाशी एक बैलगाडी भेटली, तिच्यात लूना चढवली होती, आन् मी मांगून चालत गेलो. येतानाही तसंच.

मला वाटलं, ती हसेल. हसली नाही. म्हणाली, एवढंच पयल्याच मीटिंगमध्ये सांगतलं असतं, तं चार जणं एसटीनं गेले असते आन् मांडीवर एकेक पिशवी घेऊन आले असते.