तिवस्याचे सहा रूळ

४ मार्च २००६, शनिवार
नळी पुन्हा सुटली. सकाळी नऊला बसवली तेव्हा हातोड्यानंही हलत नव्हती. अकराला भट्टी पेटवली. साडेअकराला पाहतो तर लोखंडी दांडा एकटाच फिरून राहिला आणि त्याच्यावरची नायलॉनची नळी स्वस्थ बसलेली. नळी थांबली की वरचा जाळीचा पट्टा थांबतो. पट्टा थांबला की मिरची जळते. जळक्या मिरचीचा ठसका काय असतो ते आज तिवस्याच्या अख्ख्या गल्लीला समजलं. अकरा बायका, मी आणि एक बकरी — सगळे रस्त्यावर खोकत.

भागीरथाबाई बचत गटाच्या अध्यक्ष. डोळे पुसत म्हणाल्या, "दाऊदभाऊ, तुमची नळी मोठी शहाणी हाये. काम दिसलं का अंग ढिलं सोडते."

मी हसलो नाही. मिरची वाळवायचं हे यंत्र त्यांनी जुनं घेतलं; दांड्यावर नळी चढवलेले रूळ मी नवे केले. सहा रूळ. पाडव्यापर्यंत चाललं नाही तर यंत्र विकून गट मोडायचं ठरलंय. मग बायका पुन्हा दुसऱ्याच्या वावरात रोजानं. त्यातल्या सात जणींच्या घरी दुसरं कमावणारं माणूस राहिलेलं नाही. काहून राहिलं नाही, ते आजकाल इकडे कोणी कोणाला विचारत नाही.

मी म्हणालो, "दाऊदच्या हातचं सुटत नसते." तोंडातून गेलं. आता पाळणं आलं.

७ मार्च
कारण सापडलं. सापडतंच मला, त्यासाठी कॉलेज लागत नाही. दांडा आणि नळी दोन्ही तेलात ऐंशी अंशांपर्यंत तापवले आणि मायक्रोमीटर लावला. लोखंड जेमतेम फुगलं. नायलॉन त्याच्या सात-आठ पट! नळी फुगली की तिचं भोकही मोठं होतं, पकड जाते. थंडपणी घट्ट, तापल्यावर ढिली.

तेल माझ्या बायकोच्या, रजियाबीच्या कढईत तापवलं होतं. ती म्हणाली, "मशीन का सामान तलके हो गया? अब पुरी फूलेगी तो वो भी नाप लेना."

उपाय सरळ आहे. भोक दोन दशांश मिलिमीटरनं आणखी बारीक. ज्यादा घट्ट बसवायची.

८ मार्च
ज्यादा घट्ट बसवली. चढवतानाच उभी चिरली.

११ मार्च, शनिवार
अकोल्याला जाऊन जाड नळी आणली. ऊन असं की बसची खिडकीसुद्धा धरवत नव्हती. माझ्या खिशातल्या मापांची वही पाहून दुकानदार म्हणाला, "साहेब, इंजिनीअर आहात का?" म्हटलं, "नाही. ते माझ्याकडं अडलेलं काम घेऊन येतात."

घरी आलो तर रजियाबी सांगते, "तिवसावाली बाई आई थी. तुम नहीं थे, तो सामने नत्थुजी के पास बैठी. बड़ी देर बात कर रहे थे दोनों." मग भाकरी वाढता वाढता, "एक बार नत्थुजी से पूछ के तो देखो."

नत्थुजी म्हणजे अमरावतीत माझ्या वर्कशॉपसमोरचे लोहार. विळे, वखराची पास, कुऱ्हाडी. सत्तरी ओलांडली, भाता अजून स्वतः ओढतात. माणूस भला. पण मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्यानं भाता ओढणाऱ्याला काय विचारायचं? आणखी एक भाकरी मागितली.

१३ मार्च
दांड्यावर आडव्या-उभ्या खाचा पाडल्या, दोन ट्यूबचा पक्का गोंद लावला, वरून नळी. तिवस्याला एक तास चाळीस मिनिटं चाललं. मग गोंदच मऊ पडला आणि नळी पुन्हा थांबली.

आज भागीरथाबाईंनी टोमणा मारला नाही. "भाऊ, जेवून जा," एवढंच म्हणाल्या. टोमणा बरा होता.

परतीच्या बसमध्ये मोझरीपर्यंत उभा. तिथं आश्रमाची मंडळी उतरली तेव्हा जागा मिळाली. बसल्यावर पाडव्यापर्यंतचे दिवस मोजले. सतरा.

१५ मार्च
धुळवड. नत्थुजींनी गालाला गुलाल फासून विचारलं, "नळीचं काय मंग?" म्हटलं, "होऊन राहिलं."

१८ मार्च, शनिवार
सकाळी माझ्या दारात धूर! नत्थुजींनी स्वतःची जागा सोडून थेट माझ्या लेथसमोर गोवऱ्या पेटवल्या. त्यात बैलगाडीच्या चाकाची धाव — चाकावर चढवायचं लोखंडी कडं — लाल होऊन राहिली. बाजूला जुनं लाकडी चाक. म्हटलं, "बाबा, तुमच्या दारात काय झालं?"

"तिकडं ऊन हाये बापा."

ऊन दोन्हीकडं सारखंच होतं. पण म्हाताऱ्या माणसाशी कोण भांडणार. धाव तापली, चिमट्यानं उचलली, चाकावर बसवली, वरून पाणी. लाकूड करकरलं आणि धाव आवळली.

नत्थुजी चाकाकडं पाहून मोठ्यानं बोलत होते, "फुग ना, किती फुगतं ते फुग. जाशीन कुठं? बाहिरून बांधलं हाये तुले." वय झालं की माणूस असा एकटाच बोलतो.

मी लेथ बंद केला. हातातलं फडकं तसंच राहिलं.

मी आतून धरून राहिलो होतो. बाहेरून कडं घातलं तर? नळी तापणार, फुगणार, पण बाहेर जायला जागा नाही. मग आत दांड्यावरच दाबणार. जितकी तापेल तितकी घट्ट! दोन आठवडे ज्या उष्णतेशी भांडलो तीच कामाला लागेल.

नत्थुजींना काही सांगितलं नाही. आधी करून पाहू.

१९ मार्च
रविवार असून दुकान उघडलं. नळीच्या दोन्ही टोकांना लेथवर कातून पायरी उतरवली, तिच्यात लोखंडी कडी. पट्ट्याला लागू नयेत म्हणून नळीच्या बरोबरीत. कडं लाल करायचं नाही, नायलॉन वितळेल. पाण्याचा थेंब नाचेल इतकंच तापवायचं. हा हिशेब धाव चढवण्यात नसतो. सहाही रूळ झाले.

२१ मार्च
सकाळी नऊ ते दुपारी चार. एकदाही थांबलं नाही. दांडा आणि नळी मिळून खडूची एक सरळ रेघ मारली होती. चारलाही ती जशीच्या तशी. मिरची लाल, खुळखुळीत. बायकांनी पट्ट्याला कुंकू लावलं. मी पुसायला लावलं, पावडर बेअरिंगमध्ये जाते.

भागीरथाबाईंनी विचारलं, "कसं सुचलं हो भाऊ?"

"निरीक्षण," म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. ठसका लागला असावा. पण मिरची तर जळत नव्हती.

२४ मार्च
नत्थुजींना सगळा सिद्धांत समजावून सांगितला. अर्धा तास. मायक्रोमीटर हातात दिला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. "बापा! मोठं डोकं हाये तुह्यावालं." साधा माणूस.

३० मार्च
पाडवा. गट टिकला. भागीरथाबाईंनी मला आणि रजियाबीला घरी जेवायला बोलावलं होतं. अंगणात गुढी बांधलेली, ती बैलगाडीच्या चाकाला टेकवून. चाकाला नवी धाव. बारा दिवसांपूर्वी माझ्या दारात चढवलेली तीच.

"गाडी कुठं आहे?" मी विचारलं.

"गाडी-बैल इकून दोन वर्सं झाली, भाऊ. हे एक चाक तेवढं राह्यलं व्हतं. बसच्या टपावर टाकून अमरावतीले नेलं."

"मग गाडी नाही तर धाव कशाला?"

त्यांनी रजियाबीकडं पाहिलं. रजियाबी गुढीकडं पाहू लागली.

"नत्थुजीबाबानं मांगतलं व्हतं. म्हने, दाऊद कोनाचं आयकत नाई. पन पाह्यलं का शिकते."